संवाद हवाच, पण सत्तेवर बोलणारा

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात सुमारे सहा फूट उंच आणि अर्धा मैल लांब अशी एक भिंत आहे. १९४१ साली ती एका बिल्डरने बांधली. शेजारी कृष्णवर्णीय वस्ती असल्याने त्याच्या गोऱ्या वसाहतीला सरकारी हमीचे गृहकर्ज मिळत नव्हते. भिंत बांधल्यावर हमी मिळाली. पुढे १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या एकत्रीकरणातून उपनगरे वगळली आणि मुले वेगळीच वाढत राहिली.

याच परिसरातल्या हायस्कूलच्या मुलांसाठी मिशिगन विद्यापीठाने वंश आणि वांशिकतेवर संवादाचे कार्यक्रम घेतले. विद्यापीठात ही पद्धत १९८८ पासून रुजली होती. दोन्ही गटांतून साधारण सारखीच मुले, दोन्ही बाजूंचा एकेक सूत्रधार आणि अनेक आठवड्यांच्या बैठका. आधी ओळख, मग फरकांवर बोलणे, मग वादाचे मुद्दे आणि शेवटी एकत्र कृती.

आपल्याकडे हे कसे होते? पीएचडीच्या पहिल्या वर्षी आम्ही वसतिगृहात जातीवर एक बैठक घेतली. दीड तास तीन दलित विद्यार्थी बोलले, बाकीचे ऐकत राहिले. एक सवर्ण मित्र म्हणाला, "मी जात मानतच नाही, मग मी काय सांगू?" शेवटी सगळ्यांचे डोळे पाणावले. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये ज्याचे त्याचे टेबल ठरलेलेच होते.

चूक आमच्या मांडणीत होती. शोषितांनी जखमा उघडून दाखवायच्या आणि इतरांनी हळहळायचे, याला संवाद म्हणत नाहीत. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगितले होते की नुसत्या संपर्काने पूर्वग्रह जात नाहीत. त्यासाठी समान दर्जा, समान ध्येय, सहकार्य आणि संस्थेचे पाठबळ लागते. वसतिगृहात संपर्क चोवीस तास असतो. पण "रँक किती?" या प्रश्नाने दर्जा पहिल्याच दिवशी ठरतो. बाबासाहेबांनीही १९३६ मध्ये केवळ सहभोजनाने जात जाणार नाही हे स्पष्ट केले होते.

म्हणून पहिला प्रश्न सवर्ण विद्यार्थ्याला विचारायला हवा. तुझ्या घरात पहिली पदवी कोणत्या पिढीत आली? घरकामाला येणाऱ्या बाईंचा कप वेगळा आहे का? घरातली लग्ने कुणाकुणाशी झाली? 'मी जात मानत नाही' म्हणणाऱ्यालाही या प्रश्नांची उत्तरे देता येतात. जात ही फक्त दलितांची गोष्ट नाही, हे तेव्हाच टेबलावर येते.

मिशिगनकडून आणखी एक धडा घ्यावा लागतो. २००६ मध्ये तिथल्या मतदारांनी विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करणारी धोरणे बंद केली आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. संवादाचे वर्ग चालू असतानाच दरवाजा अरुंद झाला. म्हणजे संवाद आरक्षणाचा पर्याय होऊ शकत नाही. तो धोरणाच्या बाजूने उभी राहणारी माणसे तयार करू शकतो, तेही बैठकीतून कृती निघाली तरच.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी-विरोधकांना अर्पण केली. हे नाते जुने आहे. आपल्या पुढच्या बैठकीत एवढेच ठरवू या: पहिला तास ज्यांना 'सांगण्यासारखे काही नाही' त्यांनी बोलायचे, आणि उठण्याआधी कॅम्पसच्या समान संधी कक्षात कोण बसते, तिथल्या तक्रारींचे काय होते, हे सगळ्यांनी सह्या करून लेखी विचारायचे.