मिरचीच्या पानासाठी घरात विष नको

परवा वस्तीतल्या महिलांच्या बैठकीत एका ताईंनी डब्यात लावलेलं मिरचीचं रोप दाखवलं. पानं पार मुरडलेली. "सिस्टर, भावानं गावाकडून कापसावरचं औषध दिलंय. मारू का?" औषध थंड पेयाच्या बाटलीत, ओट्याखाली ठेवलेलं.

भगिनींनो, ते औषध नव्हे, विष आहे. 'औषध' म्हणून म्हणून आपली भीती गेली आहे. नोकरीत असताना सरबत समजून अशा बाटलीतला घोट घेतलेली लेकरं मी वॉर्डात पाहिली आहेत. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. उघड्या रानात ही गत, मग दहा बाय दहाच्या खोलीत काय होईल? शिवाय फवारणीनंतर ठरावीक दिवस थांबूनच तोडणी करायची असते. आपण तर सकाळी फवारून संध्याकाळी मिरची फोडणीला टाकतो.

आधी पान उलटून बघा. खाली हिरवे-काळे चिकट किडे दिसले तर तो मावा. पाण्याच्या धारेने धुवा, बोटाने पुसा. मिरचीचं पान मुरडलं तर बहुधा फुलकिडे, कोळी किंवा पांढरी माशी असते. मुरडलेले शेंडे खुडून टाका. एक लिटर पाण्यात एक चमचा निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा, आठवड्याने पुन्हा. तरीही नवी पानं मुरडलेलीच आली, झाड खुजं राहिलं, तर तो विषाणू. त्यावर इलाज नाही. रोप उपटून टाका. दहा रुपयांचं रोप गेलं तर जाऊ द्या.

खालची पानं पिवळी पडत असतील तर पुष्कळदा दोष पाण्याचा असतो. डब्याला खाली भोकं पाडा, माती वरून सुकल्यावरच पाणी घाला, मूठभर शेणखत द्या.

आणि कुणाच्या पोटात विष गेलंच तर मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका. 108 ला फोन करा, बाटली सोबत घेऊन सरकारी दवाखाना गाठा.

लेकरांच्या ताटात चार ताजी पानं पडावीत म्हणून आपण डब्यात माती भरतो. त्याच लेकरांच्या हाताशी विषाची बाटली ठेवू नका. त्या ताईंनी ती बाटली भावाला परत दिली. तुमच्याही ओट्याखाली आजच बघा.