चौकटीतली गंजिफा

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात मूळचा सिंधुदुर्गातला असा मोठा मराठी समाज राहतो. गावाहून परतताना सावंतवाडीची लाकडी फळे येतात, तशी कधी गंजिफाही येते. आणि घरी आल्यावर काचेच्या चौकटीत बसते. आमचे म्हणणे असे, की या चौकटीत वस्तू टिकते, संहिता मात्र मिटते.

गंजिफेला संहिता म्हणणे ही अतिशयोक्ती नव्हे. दशावतारी संचात दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, अशी एकूण १२० गोल पाने असतात. रंगाचा राजा म्हणजे तो अवतार. त्याखाली प्रधान आणि मग एक ते दहा. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ, तर उरलेल्यांत क्रम उलटा, म्हणजे प्रधानानंतर थेट एक्का. दिवसाच्या खेळात राम ज्याच्या हाती, त्याने डाव सुरू करायचा. रात्रीच्या खेळात कृष्ण. मध्यान्ही जन्मलेला राम आणि मध्यरात्री जन्मलेला कृष्ण आठवला, की या नियमाचे काव्य उलगडते. शिवाय या खेळात हुकूम नाही. म्हणजे कोणताही अवतार दुसऱ्या अवताराला मारू शकत नाही. प्रत्येक जण आपल्या रंगात सार्वभौम. हा अर्थ चित्रात नाही, नियमात आहे.

पत्त्यांवर सत्तेची कल्पना रेखाटण्याची रीत जुनी आहे. पत्त्यांचा उगम चीनमध्ये मानला जातो. मिंग काळात तिथल्या पानांवर 'शुइहू' कादंबरीतले बंडखोर अवतरले. आपल्याकडे बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त वर्णिलेल्या बारा रंगांच्या संचात अश्वपती, गजपती, नरपती असे राजे आहेत. ज्याचे बळ ज्यात, त्यावरून त्याचे नाव. चिनी पानांवर बंडखोर, मोगल पानांवर सैन्य आणि खजिना, कोकणच्या पानांवर अवतार: तीन समाजांनी सत्तेला दिलेली ही तीन उत्तरे शेजारी ठेवून वाचावीत अशी आहेत.

१९७०च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात ही अस्तंगत होत चाललेली कला पुन्हा उभी केली. २०२४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. संग्राहकांच्या मागणीमुळेच चितारी कारागिरांचा कुंचला चालू राहिला, हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. परंतु मानांकन वस्तूचे रक्षण करते, खेळाचे नाही. 'हुकमाचा एक्का' मराठीत जिवंत आहे, कारण चार रंगांचे पत्ते आजही घरोघरी पिसले जातात. गंजिफेची परिभाषा अशी कोणाच्या जिभेवर उरली आहे?

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक संचासोबत मराठीत नियमपत्रिका असावी. आपल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी, ठाणे-डोंबिवलीपासूनच सुरुवात करून, हा खेळ पाहिलेल्या वृद्धांकडून त्याचे शब्द टिपून घ्यावेत. लोकसाहित्याच्या अभ्यासात ओव्या आणि उखाणे बसतात, तर डावाची भाषा का बसू नये? आणि ज्यांच्या भिंतीवर गंजिफा आहे, त्यांनी ती एकदा खाली उतरवून तिघांनी मिळून एक डाव मांडावा. पाने थोडी झिजतील. पण ज्या पुस्तकाची पाने कधीच झिजत नाहीत, ते वाचले गेले असे आपण म्हणत नाही.