आधी थांबायला शिकवा

रासायनिक कारखान्याच्या फाटकाशी पहिला बंब उभा राहतो तेव्हा तिथे जिल्हाधिकारी नसतात, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलही नसते. असतो एक केंद्र अधिकारी, त्याचे मोजके जवान आणि नाकाला रुमाल लावून बाहेर पळणारे कामगार. पुढच्या दहा मिनिटांत तो अधिकारी जे ठरवेल, त्यावर त्याच्या जवानांचे आणि शेजारच्या वस्तीचे प्राण अवलंबून असतात. डोंबिवली एमआयडीसीत २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत स्फोट झाले, नोव्हेंबर २०२३ मध्ये महाडच्या आगीत ११ कामगार गेले. दर वेळी कारखान्यांच्या तपासणीवर भरपूर बोलले गेले आणि ते योग्यच होते. पण त्या पहिल्या अधिकाऱ्याला आपण कशासाठी तयार केले आहे, हा प्रश्न मागेच राहिला.

हा प्रश्न मुंबईला १४ एप्रिल १९४४ रोजीच पडायला हवा होता. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्याही. दुपारी दोनच्या सुमारास आगीची वर्दी गेली, चार वाजून सहा मिनिटांनी जहाज फुटले. मधल्या दोन तासांत जहाज जागीच बुडवावे की ओढून समुद्रात न्यावे, यावर सल्ले देणारे अनेक होते. एकाच्या हाती निर्णय नव्हता. अग्निशामक मात्र शेवटपर्यंत पाणी मारत राहिले. त्यांच्यातले ६६ जण गेले. दर वर्षी त्या दिवशी देशभर त्यांना मानवंदना दिली जाते. ती द्यायलाच हवी, पण त्यांच्या शौर्याइतकीच तिथली निर्नायकीही शिकवली गेली पाहिजे.

अमेरिकेत टेक्सासमधल्या वेस्ट गावी १७ एप्रिल २०१३ रोजी खताच्या गोदामाला आग लागली. वर्दीनंतर अवघ्या वीसेक मिनिटांत आतल्या अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. मृत १५, त्यांत १२ जण मदतीला धावलेले. घटनास्थळी नेतृत्वाची व्यवस्था उभीच राहिली नव्हती आणि हे खत आगीत काय करू शकते याची पुरेशी जाण जवानांना नव्हती, असे तिथल्या रासायनिक सुरक्षा मंडळाने चौकशीत नोंदवले. म्हणजे श्रीमंत देशातही नियम कागदावर असून भागत नाही. तरी तो नियम पाहण्याजोगा आहे. घातक पदार्थांच्या अपघातावर जाणाऱ्यांचे त्यात पाच स्तर आहेत: धोका ओळखणाऱ्यापासून घटनेची सूत्रे घेणाऱ्यापर्यंत. सूत्रे घेणाऱ्याला किमान २४ तासांचे प्रशिक्षण, त्यावर क्षमतेचा पुरावा आणि दर वर्षी उजळणी, असे बंधन आहे.

हे वेगळे शिकवावे लागते, कारण आगीवर धावून जाण्याची सवय इथे घात करते. क्लोरीन हवेपेक्षा जड. तो सखल भागात साचतो. बंब उताराच्या बाजूने आणला की जवान थेट वायूत उतरतात. गळतीच्या जागेवरच पाणी मारले तर आम्ल तयार होऊन भोक मोठे होते. अमोनियाच्या वायूला पाण्याचा फवारा आवरतो, पण साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी पडले तर तो अधिकच उसळतो. एलपीजीचा टँकर आगीत सापडला तर उत्तर अमेरिकेतली मार्गदर्शिका चहूबाजूंनी १,६०० मीटर परिसर मोकळा करायला सांगते. बोरघाटात, दोन्ही बाजूंना वाहने अडकलेली असताना, हा आदेश देण्याचे धैर्य कोणत्या अधिकाऱ्याला होईल? सराव असेल त्यालाच. वाऱ्याची दिशा पाहणे, टँकरवरचा धोकाफलक दुर्बिणीतून वाचणे, बाहेर आलेल्या जवानाला आधी धुऊन मगच रुग्णवाहिकेत बसवणे, ही कामे पुस्तकातून अंगवळणी पडत नाहीत.

आपल्याकडे १९९६ चे रासायनिक अपघात नियम आहेत, जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट आहेत, नागपुरात राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे. उणीव आहे ती पहिल्या अर्ध्या तासाच्या धन्याची. एमआयडीसीचे अग्निशमन दल, महापालिकेचे दल, पोलीस, औद्योगिक सुरक्षा संचालनालय, प्रदूषण नियंत्रण मंडळ असे सगळे जमतात, तेव्हा शब्द कोणाचा अखेरचा, हे जवानालाही ठाऊक असले पाहिजे.

म्हणून तारापूर, डोंबिवली, महाड, लोटे, कुरकुंभ, पाताळगंगा या पट्ट्यांपासून सुरुवात करावी. तिथल्या केंद्र अधिकारीपदासाठी घटना-नेतृत्वाचे प्रमाणपत्र सक्तीचे करावे आणि ते ठरावीक मुदतीने पुन्हा मिळवायला लावावे. कारखान्याच्या रात्रपाळीचा पर्यवेक्षक त्याच वर्गात शेजारी बसवावा, कारण मध्यरात्री आतल्या टाकीत काय आहे ते त्यालाच ठाऊक असते. रंगीत तालीम आधी कळवून, मंडप घालून होऊ नये. ती अवचित व्हावी, रात्री व्हावी, पावसात व्हावी. आणि सरकारने एक लेखी हमी द्यावी: प्रशिक्षित अधिकाऱ्याने धोका जोखून जवानांना मागे घेतले आणि कारखाना जळू दिला, तर त्या निर्णयासाठी त्याच्यावर कर्तव्यात कसूर केल्याचा ठपका येणार नाही.