फोनातली जागा कोणाची?

मराठी समीक्षेत 'अवकाश' हा शब्द आपण अलीकडे फार सढळ हाताने वापरतो. कवितेचा अवकाश, कादंबरीचा सामाजिक अवकाश, स्त्रियांना नाकारलेला अवकाश. परिसंवादात तर या शब्दावाचून वाक्य पुरे होत नाही. याच अवकाशाविषयीचा, पण अगदी शब्दशः घ्यावा असा एक प्रश्न 2016 साली माझ्या एका विद्यार्थिनीने मला विचारला आणि मला त्याचे धड उत्तर देता आले नाही. तिच्या फोनात जागा उरली नव्हती.

ती अंधेरीच्या आमच्या महाविद्यालयात एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि राहायला घाटकोपरच्या असल्फ्याला, डोंगरउतारावरच्या वस्तीत. मी मुलुंडचा. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो 2014च्या जूनमध्ये सुरू झाल्यापासून आमचा परतीचा रस्ता बराचसा एकच झाला होता आणि तिच्या लघुप्रबंधाचे निम्मे मार्गदर्शन त्या मेट्रोत उभ्याउभ्याच झाले. विषय होता तिच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या. आजी जुन्नरकडची. मे महिन्याच्या सुट्टीत गावी जाऊन तिने त्या ध्वनिमुद्रित करून आणल्या होत्या. त्यासाठी वेगळे यंत्र घेण्याची ऐपत नव्हती आणि गरजही वाटली नव्हती. फोन होता ना. सहा हजारांच्या आतला, खोक्यावर 4 जीबी असे ठळक छापलेला.

"सर, कार्ड जवळजवळ रिकामं आहे आणि तरी फोन म्हणतो जागा नाही," ती म्हणाली. वर्गाच्या गटावर येणाऱ्या टिपणांसाठी व्हॉट्सॲप अद्ययावत करायला हवे होते आणि ते होत नव्हते. घरच्यांचे फोटो तिने आधीच काढून टाकले होते. अंधेरी स्टेशनबाहेरच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने पाहून सांगितले होते, फोन रूट मारावा लागेल. मारू का, हा तिचा प्रश्न.

या प्रश्नाची तांत्रिक बाजू मी नंतर सवडीने समजून घेतली. ती कंटाळवाणी असेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात ती मुंबईच्या माणसाला फार ओळखीची निघाली. खोक्यावरचे 4 जीबी म्हणजे बिल्डरच्या जाहिरातीतला सुपर बिल्ट-अप एरिया. त्यातला मोठा भाग खुद्द अँड्रॉइडने आणि कंपनीने आधीच भरून दिलेल्या ॲपांनी अडवलेला. उरलेल्याची पुन्हा वाटणी: ॲपांसाठी एक कप्पा, फोटो-गाण्यांसाठी दुसरा. पहिला कप्पा अनेकदा एक जीबीच्या आसपास असे आणि तो भरला की दुसरा रिकामा असून उपयोग नसे. कार्ड बत्तीस जीबीचे घातले तरी ते पोटमाळ्यासारखे. सामान ठेवता येते, राहता येत नाही. घराच्या बाबतीत निदान 2016च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे ज्याला सगळे रेरा म्हणतात त्याने, किंमत कार्पेट एरियावर सांगायला लावली. फोनच्या खोक्यावर मात्र अजूनही भिंतींसकट मोजणी छापली जाते.

हे काही एका कंपनीचे पाप नव्हते. 2011च्या सॅमसंग गॅलॅक्सी वायमध्ये वापरणाऱ्याला मिळणारी अंतर्गत जागा होती सुमारे 180 एमबी. ॲपचा काही भाग कार्डावर हलवण्याची सोय 2010च्या अँड्रॉइड 2.2पासून होती, पण 'काही भाग' हे शब्द महत्त्वाचे. ॲपची स्वतःची माहिती आतच राही आणि कित्येक ॲपे हलायलाच तयार नसत. सप्टेंबर 2014मध्ये गुगलने स्वस्त फोनांसाठी 'अँड्रॉइड वन' ही योजना जगात सर्वांत आधी भारतात आणली. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांचे ते पहिले तीन फोन. किंमत 6,399 रुपयांपासून, साठवण 4 जीबी. पुढच्या अब्जभर लोकांना जालावर आणण्याची भाषा तेव्हा चालू होती. त्या अब्जाने आत आल्यावर बसायचे कोठे, याचा विचार झालेला दिसत नाही.

'रूट' म्हणजे मूळ. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे आणि त्याची परंपरा युनिक्सची. तेथे ज्याला काहीही करण्याची मुभा आहे अशा वापरकर्त्याचे नाव 'रूट'. आज्ञा लिहिण्याच्या काळ्या पडद्यावर साध्या वापरकर्त्याच्या ओळीआधी डॉलरचे चिन्ह येते, रूटच्या ओळीआधी जिन्यासारख्या दिसणाऱ्या हॅशचे. फोन विकत घेणाऱ्याला कंपनी जी किल्ली देते ती डॉलरवाली. फोन रूट करणे म्हणजे व्यवस्थेतली एखादी फट शोधून किंवा बूटलोडर नावाचे कुलूप उघडून हॅशवाली किल्ली मिळवणे. (मराठीत याला प्रतिशब्द घडवण्याच्या फंदात कोणी पडले नाही, हे एका अर्थी बरेच झाले. 'रूट मारणे' आणि 'सॉफ्टवेअर मारणे' ही क्रियापदे उपनगरातल्या दुकानांनी घडवली. त्यांच्यातला 'मारणे' पाहावा, रंग मारणे, शिक्का मारणे यांच्या पंगतीतला.) ही किल्ली हाती आली की लिंकटूएसडीसारखे ॲप कार्डाचा एक भाग वेगळा पाडून अख्खे ॲप तिकडे नेऊन ठेवी आणि मूळ जागी नुसता एक दुवा सोडी. फोनला वाटे, ॲप आपल्याच घरात आहे. फसवणूकच, पण निरुपद्रवी.

साहित्याच्या लोकांनी लक्षात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट. 2011च्या आधीच्या अँड्रॉइडवर अनेक फोनांत देवनागरी मजकुराच्या जागी नुसत्या चौकटी दिसत. व्यवस्थेच्या फोल्डरात देवनागरी फॉन्ट नेऊन टाकायचा तरी रूट लागे. आपल्या भाषेतली अक्षरे वाचता यावीत म्हणून स्वतःच विकत घेतलेल्या वस्तूचे कुलूप तोडायचे आणि त्यापायी हमीवर पाणी सोडायचे, असा तो काळ होता. फोनच्या मेनूची भाषा म्हणून मराठी निवडता येऊ लागली ती 2014च्या अँड्रॉइड 5.0पासून. माझ्या विद्यार्थिनीच्या फोनावर त्याच्या आधीची आवृत्ती होती. तिला जागा नाकारली गेली तीही इंग्रजीत.

असो. मी तिला काय सांगितले? "बघ, सांभाळून कर." मार्गदर्शकाला काही माहीत नसले की तो जे म्हणतो तेच.

दुकानातल्या मुलाने फोनचे कुलूप उघडले. ते उघडताना फोनातला वापरणाऱ्याचा सारा मजकूर पुसला जातो. चोराच्या हाती फोन पडला तर त्याला आतले काही मिळू नये, या हेतूने तशी रचनाच केलेली असते. बॅकअप घेतला का, असे त्याने विचारले होते आणि हिने हो म्हटले होते, कारण फोन नंबर गुगलच्या खात्यात होते आणि बॅकअप म्हणजे तेवढेच, अशी तिची समजूत. ध्वनिमुद्रणे कार्डावर नव्हती. मुद्रणाचे ॲप ती फोनच्याच पोटात ठेवत होते. सुट्टीभराच्या ओव्या गेल्या. राहिल्या त्या वहीत उतरवलेल्या एकतीस.

दिवाळीत ती पुन्हा जुन्नरला गेली. आजीने गायल्या, पण त्याच गायल्या नाहीत. काहींचे दुसरे चरण बदलले होते, काही तिला आठवतच नव्हत्या आणि मेमध्ये न आलेल्या काही नव्यानेच आल्या. लोकसाहित्याच्या वर्गात संहिता प्रवाही असते म्हणून मी दरवर्षी शिकवतो. ते वाक्य त्या वर्षी मला वर्गात म्हणवले नाही. हेमा राइरकर आणि गी पॉइतवँ यांनी वर्षानुवर्षे खपून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या आज जालावर वाचायला-ऐकायला मिळतात, कारण त्यांच्यामागे फिती, कागद आणि ते जपणारी माणसे होती. आमच्या मुलामुलींनी केलेले संकलन कोठे असते, हे एकदा विभागात विचारून पाहावे. बहुतेकांचे उत्तर खिशातून निघेल.

ही हकिगत मी सहकाऱ्यांना सांगितली तेव्हा दोन प्रतिक्रिया आल्या आणि दोन्ही मला मान्य नाहीत. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, फोन ही अभ्यासाची जागा नव्हेच. वही वापरा, ग्रंथालयात बसा. असल्फ्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहतात, तिथे कपाटभर ग्रंथांची अपेक्षा करणाऱ्याला काय सांगावे? राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी दुर्मीळ पुस्तके पीडीएफ स्वरूपात फुकट खुली केली आहेत, ती या मुलीने वाचायची तर फोनावरच. पुढे 2020च्या टाळेबंदीत सगळा वर्गच फोनात गेला, तेव्हा हेच सहकारी 'तुमचा आवाज येत नाही, ॲप अद्ययावत करा' असे मुलांना सांगत होते.

दुसरी प्रतिक्रिया तरुण मित्रांची, आणि ती अधिक मोहक. त्यांना रूट करण्यात बंड दिसले. भांडवलाने लावलेले कुलूप तोडणारा उपनगरी तरुण, वगैरे. कोणी 1950च्या दशकात चित्रे-कोलटकर प्रभृतींनी सायक्लोस्टाइलवर काढलेल्या 'शब्द'ची आठवण काढली. साधन आपल्या हाती घेणे, म्हणाले. मला ही तुलना पटत नाही. सायक्लोस्टाइलचे यंत्र चालवणाऱ्याला शाई कोठे जाते ते दिसत होते. येथे बहुतेक दुकानांत 'एका बोटाने रूट' करून देणारी बंदिस्त ॲपे वापरली जात, आणि ती फोनात आणखी काय करून ठेवतात याची दुकानदाराला कल्पना नसे, ना गिऱ्हाइकाला. जुन्या घरमालकाच्या हातची किल्ली काढून अनोळखी माणसाच्या हाती देणे, हे बंड कसले? शिवाय रूट केल्याने भिंती सरकत नाहीत. कंपनीने भरलेली ॲपे व्यवस्थेच्या कप्प्यातून उडवली, तरी रिकामी झालेली जागा त्याच कप्प्यात राहते, वापरणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. फायदा इतकाच, की त्या ॲपांच्या नव्या आवृत्त्या पुढे आपल्या कप्प्यात पसरत नाहीत. ही गोष्ट मला त्या दुकानातल्या मुलानेच सांगितली, आणि आमच्या परिसंवादांतल्या कित्येक निबंधांपेक्षा ती अधिक नेमकी होती.

माझ्या मते, त्या मुलीला हवी होती दुरुस्ती. नवा फोन घेण्याइतके पैसे नसलेला माणूस आहे तो फोन आणखी वर्षभर चालवू पाहतो, यात गुन्हाही नाही आणि क्रांतीही नाही. पण आपण घेतलेल्या वस्तूतून नको ते काढून टाकण्यासाठी तिला हमी, ध्वनिमुद्रणे आणि सुरक्षितता पणाला लावावी लागली, हा अन्याय होता, आणि तो तिच्यापाशी थांबलेला नाही. ऑक्टोबर 2022मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हाच्या निर्देशांत आधीच बसवलेली गुगलची ॲपे काढून टाकण्यास वापरणाऱ्याला आडकाठी करू नये, असाही एक होता. मार्च 2023मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि काही निर्देश रद्द केले. रद्द झालेल्यांत हाही. ॲप बंद करून ठेवता येते, मग काढायचे कशाला, असा त्यामागचा युक्तिवाद. बंद खोलीचेही क्षेत्रफळ असते, हे मुलुंड-बोरिवलीतल्या कोणत्याही भाडेकरूने सांगितले असते. पुढे नोव्हेंबर 2025च्या अखेरीस दूरसंचार विभागाने नव्या फोनांत 'संचार साथी' हे सरकारी ॲप आधीच बसवून देण्याचा आदेश काढला. गदारोळ झाला आणि 3 डिसेंबरला ती सक्ती मागे घेतली गेली. त्या गदारोळात पाळत ठेवण्याचा मुद्दा सर्वांनी मांडला, तो रास्तच होता. जागेचा मुद्दा फारसा कोणी काढला नाही. बोलणाऱ्यांच्या फोनांत जागा भरपूर असावी.

आता स्वस्त फोनही 64 जीबीचे मिळतात, तेव्हा हा प्रश्न इतिहासजमा झाला असे कोणी म्हणेल. ॲपेही त्याच मानाने सुटली आहेत, आणि आमच्या वर्गात निम्म्या मुलांच्या हाती घरातल्या मोठ्यांचा जुना फोन असतो. रूटचा रस्ता तर जवळपास बंदच झाला. रूट केलेला फोन ओळखून बँकांची आणि पैसे पाठवण्याची कितीतरी ॲपे चालायचे नाकारतात, आणि रिक्षाचे भाडेही फोनाने देण्याच्या काळात ते परवडणारे नाही. कार्डालाच फोनच्या पोटात सामावून घेण्याची सोय 2015च्या अँड्रॉइड 6.0मध्ये आली होती, पण अनेक कंपन्यांनी ती आपल्या फोनांत उघडलीच नाही.

आमच्या विभागापुरते मी गेल्या वर्षी एक काम केले. अभ्यासक्रमासाठी आम्ही गटावर टाकत असलेल्या स्कॅन केलेल्या प्रकरणांची वजने काढली. एक प्रकरण 84 एमबीचे निघाले. बावीस पाने, रंगीत स्कॅन, कडेला माझ्याच अंगठ्यासकट. ते करड्या छटेत पुन्हा स्कॅन केले, तर साडेतीन एमबीत बसले. बाकीची प्रकरणे अजून करायची आहेत.