वाऱ्याच्या मर्जीचा एक दिवस

मैत्रिणींनो, मागच्या खेपेला उन्हाळी वाळवणांविषयी लिहिते म्हणून कबूल केलं होतं. ते या आठवड्यात राहू दे. कुरडया काही पळून जात नाहीत. पण माझ्या कोपरावरची खपली अजून ओली आहे, तोवरच ही हकीकत सांगून टाकते.

भिशीचे पैसे हाती आले तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, ही आता मिक्सर बदलणार. मी पॅराग्लायडिंगच्या वर्गात नाव घातलं. वय वर्षं सत्तेचाळीस! सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मंगळसूत्र घरी ठेवून जा, दोऱ्यांत अडकेल." (पुढे सरांनीही पहिल्याच दिवशी अगदी हेच सांगितलं.) ह्यांनी मात्र दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी एकच अट घातली, "वारा बिघडला की उडायचं नाही. शब्द दे." मी दिला. न द्यायला काय झालं होतं?

आम्ही चिंचवडला राहतो. तिथून लोणावळ्याच्या लोकलने कामशेतला उतरायचं, पुढे जीपने डोंगराच्या पायथ्याशी. ही हौस तशी जुनी नाही. १९७८ साली फ्रान्समधल्या डोंगरात काही पॅराशूटवाल्यांनी विमानाचा खर्च वाचवायला उतारावरूनच धावत उड्या घेतल्या, तिथून हे सुरू झालं म्हणतात. काटकसरीतून निघालेली गोष्ट, म्हणून मला आधीच जवळची वाटली.

ज्यांना जावंसं वाटेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. साडी अर्थातच नाही. पूर्ण बाह्यांचा सुती कुडता आणि जाड पँट, कारण कुसळं फार टोचतात. घोटा झाकणारे बूट. केसांची घट्ट वेणी, म्हणजे हेल्मेट नीट बसतं. बांगड्या काढून ठेवा. पोटभर पोहे खाऊन जाऊ नका, पण उपाशीही नको. आणि डोंगरावर आडोसा नसतो, ती सोय खालीच उरकून घ्यावी.

ती रविवारची सकाळ होती, फेब्रुवारीअखेरची. पूर्वेकडून मंद वारा येत होता आणि आमचा उतारही पूर्वेलाच तोंड करून. उडायचं ते नेहमी वाऱ्याकडे तोंड करून, आणि वारा उतारावर समोरून चढत आला पाहिजे. काठीला बांधलेली कापडी पिशवी असते, ती वाऱ्याची दिशा दाखवते. ती शहाण्या मुलीसारखी एका बाजूला शांत फुगून राहिली होती. छत्री गवतावर पसरली. पैठणीची घडी उलगडावी तशी, एकही दोरी दुसरीत गुंतता कामा नये. घडी घालतानाही तीच काळजी, आत नाकतोडा राहिला तर कापड कुरतडतो!

"पळा काकू, पळा! थांबू नका!" सर ओरडले. सर म्हणजे माझ्या भाच्याच्या वयाचा मुलगा. मी पळाले. आठ-दहा पावलं, आणि मग पाय हवेतच चालत राहिले. उतार असेल दोनशे फुटांचा, म्हणजे सगळं मिळून पाऊण मिनिट. पण त्या पाऊण मिनिटात कुणी मला हाक मारली नाही, कुकरची शिट्टी झाली नाही. खाली हे थर्मास घेऊन उभे होते, एवढेसे. मी पायांवर उतरले आणि मोठमोठ्याने हसायला लागले. ह्यांनी चहा ओतला, हात जरा थरथरत होता. माझा नव्हे, त्यांचा.

इथे मी थांबायला हवं होतं.

अकराच्या पुढे ऊन चढलं. कातळ तापला की त्यावरची हवा तापून फुगे सुटावेत तशी वर सुटते आणि तिची जागा घ्यायला बाजूची हवा धावते. म्हणून वारा एकसारखा राहत नाही, झटके देतो. त्यातून घाटावर उन्हाची वेळ झाली की समुद्राकडचा पश्चिमेचा वारा आत शिरू लागतो. सकाळचा पूर्वेचा आणि हा, दोघांची अदलाबदल होते तेव्हा मधला काळ मोठा फसवा. पश्चिमेचा वारा डोंगरमाथ्यावरून आमच्या उतारावर मागून उतरतो, घुसळलेला, आणि त्यात छत्री मिटू शकते. हे सगळं सकाळीच शिकवलं होतं. वहीत लिहूनही घेतलं होतं.

सर सगळ्यांना म्हणाले, "जरा बसूया, बघूया." घारी घिरट्या घालत होत्या. शेतातला धूर सरळ वर जाता जाता मध्येच वाकडा होत होता. कापडी पिशवी एकदा फुगायची, एकदा लुळी पडायची. अर्ध्या तासाने ती थोडी स्थिर झाली. सर म्हणाले, "काकू, तुम्हाला काय वाटतं? तुम्हीच सांगा." आणि मी म्हटलं, "मी तयार आहे."

खरं सांगू? पिशवी मला दिसली होती. मी हो म्हणायच्या आधीच ती पुन्हा फडफडली होती. पण सकाळचं ते पाऊण मिनिट जिभेवर होतं, आणि बरोबरची विशीतली मुलं माझ्याकडे बघत होती.

छत्री वर आली आणि त्याच क्षणी झटका आला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हेही वहीत होतंच. मी पुढे पळायच्याऐवजी मागे उचलली गेले, आपटले आणि गवतातून फरफटले. घाबरून दोन्ही ब्रेक खेचले. हीच चूक. तसं केल्यावर छत्री आधी आणखीच वारा धरते. "मागचे पट्टे ओढा, मागचे!" सर धावत येत होते. एका मुलाने छत्रीच्या कडेवर अंग टाकलं तेव्हा ती निवली. लागलं म्हणाल तर कोपर सोललं, पाठीला दोन दिवस शेक. पण पाच-सात हात मागे कातळाची धार होती.

सर काही बोलले नाहीत. सगळं सामान गोळा करून त्या दिवसापुरता त्या उतारावर वर्ग बंद केला. मी ते पंधरा किलोंचं ओझं पाठीवर घेऊन पायवाटेने खाली उतरले.

हे खालीच उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. ओझं काढून घेतलं, रुमाल ओला करून कोपर पुसलं. लोकलमध्ये चिंचवड येईपर्यंत एक शब्द नाही. घरी सासूबाईंनी विचारलं, "काय गं हे?" मी म्हटलं, "पायवाटेवर घसरले." ह्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. रात्री मी म्हटलं, "अहो, मी शब्द मोडला." ते म्हणाले, "माहीत आहे मला. आईला मात्र तू स्वतःच सांग."

सकाळी सांगितलं. सासूबाई ज्वारी निवडत होत्या. सूप खाली न ठेवता म्हणाल्या, "मिक्सर घेतला असतास तर बरं झालं असतं." दुपारी त्यांनीच हळद आणि साजूक तूप गरम करून आणलं.

वर्गाचा एक दिवस अजून शिल्लक आहे. जाणार का, असं ह्यांनी विचारलं नाही, मीही काढलं नाही. पण या शनिवारी पहाटे दूध घ्यायला उठले, तर हे गच्चीच्या दारात उभे. दोरीवरच्या रात्रीच्या साडीकडे बघत होते. म्हणाले, "पूर्वेचा दिसतोय. पण अजून नऊ वाजू देत."