मेथीला नाइट मारता येत नाही

सुरुवातीलाच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाला धरा, मला नाही! दहावीपर्यंत माझ्यासाठी भेंडी म्हणजे ‘लेडीज फिंगर’ आणि बाकी सगळा हिरवा पाला म्हणजे ‘लीफी व्हेजिटेबल्स’. अशा मुलीने भाजीपाल्यावर लेख लिहावा हा विनोदच आहे. पण विषय तसा गंभीर आहे, म्हणून लिहिते.

आपल्या गर्ल्स हॉस्टेलच्या मेसमागे मोकळा तुकडा आहे. गेल्या जूनमध्ये तिथे वाफे पाडले आणि एकेका रूमला एकेक वाफा दिला. सहा फूट बाय चार फूट. आता त्या जागेवर पेव्हर ब्लॉक टाकून टू-व्हीलर पार्किंग करायचं घाटतंय. कारण काय, तर अर्धे वाफे वाळलेले दिसतात. कारण खोटं नाही. वाळलेल्यातला एक माझाच आहे.

तरीही माझं म्हणणं आहे की हे वाफे राहू द्यावेत.

आपल्याला ‘अलॉटमेंट’ म्हटलं की कॅप राउंड आठवतो आणि पोटात गोळा येतो. इंग्लंडमध्ये मात्र अलॉटमेंट म्हणजे भाजी लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. त्यासाठी तिथे १९०८ साली चक्क कायदा झाला. जुन्या मापाने एक तुकडा दहा रॉडचा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर, आपले अडीच गुंठे. दुसऱ्या महायुद्धात अशा तुकड्यांवर लोकांनी घरच्यापुरती भाजी पिकवली. लांब कशाला जायचं, मुंबईत रेल्वेने रुळांलगतची जमीन आपल्या कर्मचाऱ्यांना भाजी लावायला दिली होती. लोकलच्या खिडकीतून दिसणारे पालक आणि लाल माठाचे वाफे आमच्या अनेक मुंबईकर मैत्रिणींनी पाहिलेत. तेव्हा कल्पना काही जगावेगळी नाही.

आता आमची प्रगती ऐका. मी आणि माझी रूममेट. ती मंगळवेढ्याकडची, शेतकऱ्याची मुलगी. मी धने पाकिटातून काढले तसेच मातीत टाकले. ती म्हणाली, “अगं, आधी रगडून दोन दाळी कर.” मी हसले. तिचे उगवले, माझे बरेचसे मातीतच राहिले. मिरचीची पानं आकसून गोळा झाली, त्याला बोकड्या म्हणतात हे मला तेव्हा कळलं. मेथी मात्र चौथ्या दिवशी वर आली. महिन्याभरात काढायला झाली. टेस्टमध्ये पैकीच्या पैकी मिळाल्यावर झाला नसता इतका आनंद झाला!

रविवारी रात्री मेस बंद असते. मावशींनी त्या दिवशी आम्हाला स्वयंपाकघर दिलं. निवडून, धुऊन, चिरून मेथीचा हा एवढा ढीग. मी ढिगाकडे बघून त्या अंदाजाने मीठ घातलं. पाच मिनिटांनी कढईत जेमतेम दोन वाट्या भाजी आणि मीठ मात्र ढिगाएवढं! तोंडात धरवेना. मावशी हसून म्हणाल्या, “बाई, पाल्याला मीठ आधी घालायचं नसतं. बसू दे त्याला, मग घाल. आता पीठ पेर.” मला वाटलं अजून काही पेरायचं राहिलं की काय! त्यांनी वरून बेसन भुरभुरलं, झाकण ठेवलं, एक वाफ आणली. खारट होतीच, पण आम्ही सहाजणींनी कढई पुसून खाल्ली. एरवी मेसच्या भाजीला आम्ही काय काय बोलतो, ते त्या दिवशी कुणाच्या तोंडून निघालं नाही.

भेंडीची गोष्ट उलटी. ती एक दिवसाआड तोडावी लागते. आमचं सबमिशन सुरू झालं, आठवडाभर तिकडे कुणी फिरकलं नाही. गेलो तर बोटाएवढ्या भेंड्यांची लाकडं झालेली. सुरी चालेना. सगळी भेंडी जून.

मला जे म्हणायचं आहे ते इथेच आहे. आपण इंजिनिअरिंगवाले सगळं आदल्या रात्री करतो. जर्नल रात्रीत उतरवतो, असाइनमेंट छापतो, व्हायवाला दारात उभं राहून पाठ करतो, आणि पास होतो. चार वर्षांत आपल्याला पक्कं वाटायला लागतं की जगातली कुठलीही गोष्ट नाइट मारून होते. मेथीला नाइट मारता येत नाही. शेजारच्या वाफ्यातून कॉपी करता येत नाही. सर डेट वाढवून देतील, भेंडी देत नाही.

टोमॅटोने तर मला गप्पच केलं. ऑगस्टमध्ये रोपं लावली, काठ्या रोवून बांधली, रोज पाणी. दिवाळीआधी हातात आले सहा टोमॅटो. सुट्टीवरून परतले तर झाडं उभी वाळलेली. मी चिडून म्हटलं, “सहा टोमॅटोंसाठी तीन महिने!” रूममेट शांतपणे म्हणाली, “२०२३ आठवतंय?” मला एवढंच आठवत होतं की त्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला आणि आमच्या घरी तो बंद झाला. तिला सप्टेंबर आठवत होता. घाऊक भाव किलोला पाच रुपयांच्या आसपास उतरले आणि तिच्या बाबांनी उरलेला माल तोडलाच नाही. तोडणीची मजुरी आणि गाडीभाडंही निघत नव्हतं. दोन वर्षं एका खोलीत राहतोय, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. वाफा नसता तर विचारलंही नसतं.

म्हणून विनंती आहे. ज्या रूमचा वाफा पंधरा दिवस ओसाड राहील तो काढून दुसऱ्या रूमला द्या, माझ्यापासून सुरुवात करा. सुट्टीत राहणाऱ्या मुलींची पाण्याची पाळी लावा, त्या बदल्यात तोड त्यांची. महिन्यातून एक रविवार स्वयंपाकघर आमच्याकडे द्या. भांडी आम्ही घासू. फक्त कृपा करून याला मार्क किंवा सर्टिफिकेट लावू नका. लावलंत तर आम्ही आदल्या रात्री बाजारातून मेथीची जुडी आणून मातीत रोवू, आम्हाला आम्ही चांगल्या ठाऊक आहोत!

गाड्यांना जागा हवी हे मान्य. त्या गेटजवळही उभ्या राहतील. मुळ्याला मात्र पेव्हर ब्लॉकखाली उगवता येणार नाही.

ता. क. : कालच वाफा पुन्हा खणला. या वेळी धने रगडून टाकलेत.