किरकोळ रुग्णांचा भार नेमका किती?

ताप, खोकला, पाठदुखी अशा तक्रारी घेऊन रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात येणाऱ्यांमुळे आरोग्यसेवेचा खर्च फुगतो, ही ओरड अमेरिकेत जुनीच आहे. तेथील बिल साध्या दवाखान्यापेक्षा कितीतरी जास्त असते, हे खरे. परंतु बिल आणि प्रत्यक्ष खर्च यांची गल्लत झाली की उपायही चुकतात.

आपत्कालीन विभाग चोवीस तास सज्ज ठेवावा लागतो. डॉक्टर, परिचारिका, क्ष-किरण यंत्रे, प्रयोगशाळा यांवरील खर्च रुग्ण आला न आला तरी होतोच. मिशिगनमधील सहा रुग्णालयांच्या हिशेबांवर आधारलेला रॉबर्ट विल्यम्स यांचा अभ्यास १९९६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. किरकोळ रुग्णामागे सरासरी खर्च ६२ डॉलर होता; मात्र असा एक रुग्ण वाढल्याने पडणारा जादा खर्च अवघा २४ डॉलर. म्हणजेच त्याला परत पाठवले तरी वाचतात ते एवढेच. उरलेला स्थिर खर्च अन्य रुग्णांच्या माथी पडतो.

शिवाय किरकोळ कोण, हे आधी कसे ठरवायचे? २०१३ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील अभ्यासानुसार, निदानानंतर ज्यांच्यावर साध्या दवाखान्यात उपचार शक्य होते, असे रुग्ण ६.३ टक्केच होते. पण त्यांनी येताना सांगितलेल्या तक्रारी जवळपास ८९ टक्के रुग्णांच्या तक्रारींसारख्याच होत्या. छातीतली कळ आम्लपित्ताची की हृदयविकाराची, हे तपासणीनंतरच कळते. तरीही २०१७ मध्ये अँथेम या विमा कंपनीने काही राज्यांत, निदान किरकोळ निघाल्यास बिल नाकारण्याचे धोरण राबवले. निदानाचे काम रुग्णावरच सोपवण्याचा हा प्रकार होता. बिलाच्या धास्तीने घरी थांबलेल्या रुग्णाची किंमत कोणत्या ताळेबंदात मांडणार?

१९८६ च्या कायद्याने आपत्कालीन विभागात आलेल्या प्रत्येकाची, पैसे असोत वा नसोत, तपासणी करणे रुग्णालयांना बंधनकारक केले. विमा नसलेल्यांना, तसेच दिवसाची मजुरी बुडवणे न परवडणाऱ्यांना रात्री उघडे असणारे दार हेच. गर्दीचे मोठे कारणही किरकोळ रुग्ण नसून, दाखल करायचे ठरल्यावर वॉर्डात खाट मिळेपर्यंत तेथेच खोळंबलेले गंभीर रुग्ण हे आहे.

मुंबईलाही हा प्रश्न परका नाही. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतील बाह्यरुग्ण विभागाची नोंदणी प्रामुख्याने सकाळी होते. संध्याकाळी कामावरून सुटलेल्याला अपघात विभागच दिसतो. २०२२ मध्ये सुरू झालेले ‘आपला दवाखाना’ संध्याकाळीही चालवण्यामागचा विचार म्हणूनच योग्य आहे. तेथे डॉक्टर आणि औषधे नियमित मिळाली, तर मोठ्या रुग्णालयांवरील ताण हलका होईल. दुसरे दार उघडण्याआधी पहिले बंद करणे ही बचत नव्हे.